आठ आण्यांचं येणं

माहूरला रेणुकामातेच्या पायऱ्यांशी मामांच्या दुकानात ओटी घेतली, की खण, नारळ, हळदकुंकू, हिरव्या बांगड्या आणि उरलेले सुटे पैसे हातात पडतात. मग मामा गिऱ्हाइकाला नीट न्याहाळतात. वय चाळिशीच्या आसपास वाटलं तर गाव विचारतात, आणि गाव कळलं की घसा खाकरून मुद्द्यावर येतात. "लहानपणी कोटाचा सिनेमा पाह्यला का तुम्ही?"

देवीपुढं काय मागायचं याची मनात उजळणी करत आलेला माणूस चांगलाच दचकतो. कुणाला वाटतं, हा नवस फेडण्याचाच काहीतरी स्थानिक भाग असावा. यवतमाळकडच्या एका बाईंनी तर घाबरून "नाही पाहिला, पण पुढच्या वर्षी नक्की पाहून येईन" असं कबूल केलं होतं.

मामा माझे सख्खे नाहीत. तसे ते कुणाचेच फारसे सख्खे नाहीत, सख्खा भाचा एकच. पण गडावरच्या साठीतल्या पुजाऱ्यापासून ते लिंबू-सरबतवाल्याच्या पोरापर्यंत सगळा गाव त्यांना मामा म्हणतो. रेणुकामाता आमची कुलदेवता, आणि ओटी त्यांच्याच दुकानातून घ्यायची हा वडिलांपासूनचा शिरस्ता. त्यामुळे हा प्रश्न मला इतक्यांदा विचारून झाला आहे की आता मामा मला वगळतात. "हे बाद हायेत," असं शेजारच्या दुकानदाराला सांगतात.

माहूरचा प्रसाद म्हणजे तांबूल. विड्याची पानं, कात, चुना, सुपारी, बडीशेप, वेलदोडा असं सगळं खलात घालून कुटायचं आणि तो लालसर ओला गोळा देवीला दाखवायचा. मामा तांबूल स्वतः कुटतात, आणि चौकशीही कुटता कुटताच चालते. शेजाऱ्यापाजाऱ्यांना नुसत्या आवाजावरून कळतं, तपास कुठवर आला आहे. बत्ता एका लयीत पडतोय तोवर साक्षीदार निकामी. लय मंदावली म्हणजे त्याला काहीतरी आठवतंय. आणि बत्ता हवेतच थांबला, की शेजारी मान बाहेर काढून म्हणतो, "घावला वाटते!" मग थोड्या वेळाने बत्ता नेहमीपेक्षा जोरात खाली येतो, आणि शेजारी मान आत घेतो.

मूळ प्रकरण असं. मामा सहावीत होते. शाळेत एक दिवस सिनेमा दाखवणारी जीप आली. हॉलच्या खिडक्यांना सतरंज्या लावल्या, भिंतीवर पांढरं कापड ताणलं आणि पोरामागे एक रुपया घेतला. मामांनी तो रुपया घरच्या गल्ल्यातून आणला होता. 'उसना' हा शब्द त्यांनी नंतर, मार खाताना जोडला. पडद्यावर एक गरीब पोरगा आला. त्याला एक लाल कोट मिळाला. पोरानं खिशात हात घातला, तर रुपया. पुन्हा घातला, पुन्हा रुपया. रुपयासाठी संध्याकाळी आपल्या पाठीचं काय होणार आहे याचा अंदाज असलेल्या सहावीतल्या मुलानं हे दृश्य कशा डोळ्यांनी पाहिलं असेल, ते सांगायला नको. कोटाभोवती माणसं जमू लागली, गुंड आले, आता काहीतरी होणार, आणि लाइट गेली.

तेव्हाच्या मराठवाड्यात लाइट जाणं ही बातमी नव्हती. गुरुजींनी अंधाराचा सदुपयोग म्हणून सतराचा पाढा म्हणायला लावला. पाढा तीनदा झाला, लाइट आली नाही. जीपवाल्याला पुढे किनवट गाठायचं होतं. त्यानं रिळं डब्यात घातली, "राहिलेला पुढच्या खेपेला" म्हणाला आणि गेला. ती पुढची खेप आजतागायत झालेली नाही.

"रुपया दिला, सिनेमा अर्धा पाह्यला. तुमीच सांगा हिशेब."

हिशेब उघड आहे, आठ आणे येणं आहे. मामांची सही कुणी मागितली तर ते यावर सही करतील. मी एकदा चेष्टेनं म्हणालो की मामा, चिल्लर बंद झाली, येणं बुडालं. त्यावर त्यांनी मलाच शिकवलं: २०११ च्या जूनअखेर चार आणे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली, पन्नास पैसे गेलेले नाहीत, ते अजून कायदेशीर चलन आहे. बाजारात कुणी घेत नाही ही गोष्ट वेगळी. रकमेचा प्रश्न मामांच्या लेखी कधीच नव्हता. पोराचं आणि कोटाचं पुढे काय झालं, तो त्या आठ आण्यांचा माल आहे, आणि तो त्यांना पोचलेला नाही.

त्या दिवशी अंधारात मामांबरोबर बसलेली पोरं आता मोठी होऊन याच भागात नांदत आहेत, आणि प्रत्येकानं आपापला शेवट करून घेतला आहे. एक जण एसटीत कंडक्टर आहे. त्याच्या मते पोरानं सगळे रुपये मोजले, हिशेब जुळवला आणि कोटासकट ज्याचे त्याला जमा केले. दुसरा किनवटला कोर्टात वकिली करतो. तो सांगतो, कोट पोलिसांनी मुद्देमाल म्हणून जप्त केला. मग पुढं? "पुढं काय, अजून जप्तच असंल." तिसरा सीताफळांचा व्यापार करतो, त्याच्या शेवटात गर्दीच्या ओढाताणीत खिसा फाटतो, कारण माल कितीही चांगला असला तरी वाहतुकीत मार खातोच. चौथा शिक्षक झाला. त्याचं म्हणणं, कोट शाळेला दान दिला आणि त्यातून वर्गखोली बांधायला काढली. खोली पूर्ण झाली का, हे तो सांगत नाही. हे चौघे एकमेकांचा शेवट ऐकून घेताना जो चेहरा करतात, तो भाऊबंदकीच्या खटल्यात पाहायला मिळतो.

मामांनी शेवट मात्र केला नाही. हा त्यांचा मोठेपणा मला मान्य करावा लागतो. त्यांचा हट्ट लाइट जाण्याआधीच्या दृश्यापुरता आहे: पोरगं कोट सावरत पळत येतं आणि माहूरच्या किल्ल्यात, हत्ती दरवाजाच्या आत दडतं. "आपलाच दरवाजा. त्या दगडावर म्या सोता बसेल हाय." कोणता सिनेमावाला पैनगंगेच्या या वळणात कधी येऊन गेला, असं विचारलं की मामा गावात विचारून सांगतो म्हणतात.

तपासासाठी माहूर ही जागा फार सोयीची. साडेतीन पीठांतलं एक पीठ, वर दत्तशिखर, अनसूयेचं शिखर. नदी ओलांडली की विदर्भ, खाली उतरलं की तेलंगण. नवरात्रात, दत्तजयंतीला, नारळी पौर्णिमेच्या परिक्रमेला मिळेल त्या वाहनानं निम्मा मुलूख मामांच्या दुकानासमोरून सरकतो. दुसऱ्या कुणाला असा शोध घ्यायचा तर गावोगाव हिंडावं लागलं असतं. इथं गावंच ओटी घ्यायला येतात. जबाब उधारीच्या वहीत, मागच्या पानांवरून पुढे असे लिहिले जातात. मी ती वही पाहिली आहे.

'हिंगोली. गृहस्थ. कोट काळा म्हणतो. टोपी होती म्हणतो. विश्वास नाही.'

'पुसद. बाई. बाटलीत बोटाएवढा माणूस. कोट नाही. तरी ठेवून द्यावे.'

'परभणी. दोघे भाऊ. लाल रंग दिसला की अंगातली ताकद जाते. एक हो म्हणतो, एक नाही. भांडत गड चढले.'

'आदिलाबाद. चष्मा लावून पाहिला. आईस्क्रीम तोंडाशी आले. मिळाले नाही.'

सिनेमाची थोडीफार माहिती असलेल्या कुणालाही ही पानं वाचून हसू येईल. बाटलीतला माणूस म्हणजे महेश कोठारे यांच्या १९९० च्या 'धडाकेबाज'मधला गंगाराम. लाल रंग दिसला की शक्ती जाणारा, तो त्यांच्याच १९८७ च्या 'दे दणादण'मधला लक्ष्मीकांत बेर्डे यांचा हवालदार. आणि तोंडाशी आलेलं आईस्क्रीम हा 'छोटा चेतन'चा प्रताप. १९८४ चा मल्याळम 'माय डिअर कुट्टिचात्तन', भारतातला पहिला थ्रीडी चित्रपट, हिंदीत त्या नावानं आला होता. म्हणजे मामा एका सिनेमाबद्दल विचारत होते आणि लोक आपापल्या बालपणातला हाताशी लागेल तो तुकडा काढून देत होते.

अडचण ही की मामांचं मन फार उदार. आलेला जबाब फुकट जाऊ द्यायचा नाही, म्हणून हळूहळू ते तुकडे त्यांच्या गोष्टीतच शिरले. मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा गोष्टीत एक पोरगा, एक कोट आणि एक रुपया होता. पुढे कोटाच्या आतल्या खिशात बाटली निघाली. मग पोराला लाल रंगाची बाधा झाली. मी म्हटलं, "मामा, कोटच लाल आहे, मग त्याची ताकद टिकेल कशी?"

बत्ता न थांबवता मामा म्हणाले, "म्हणून तं तो खाली पाहत नव्हता."

अमेरिकेतही असं झालं आहे, हे मी त्यांना मुद्दाम सांगितलं. तिकडे शेकडो माणसं छातीठोकपणे सांगतात की नव्वदच्या दशकात सिनबाद नावाच्या विनोदी नटाचा 'शझाम' नावाचा सिनेमा त्यांनी पाहिला, त्यात तो दिव्यातला जिन होता. असा सिनेमा कधी झालाच नाही. १९९६ मध्ये 'कझाम' नावाचा एक आला होता, पण त्यात जिन झाला होता तो बास्केटबॉलपटू शकील ओनील. सिनबाद स्वतः नाही नाही म्हणून थकला, लोक ऐकत नाहीत. मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिकडंबी लाइट जाते का?"

या तपासात मामांना कोट सोडून बाकी सगळं सापडलं. पोरांचे सिनेमे काढणारी एक सरकारी समिती होती, हे त्यांना पुण्याहून आलेल्या एका निवृत्त शिक्षिकेनं सांगितलं. नेहरूंच्या पुढाकारानं १९५५ मध्ये ती निघाली, पंडित हृदयनाथ कुंझरू पहिले अध्यक्ष, आणि केदार शर्मांचा 'जलदीप' हा पहिला चित्रपट १९५६ चा. आपल्या सई परांजपे यांनी तिच्यासाठी 'जादू का शंख' आणि 'सिकंदर' केले, दोनदा तिच्या अध्यक्षही झाल्या. 'जादू' हा शब्द ऐकून मामांनी शंखावर महिनाभर संशय धरला होता. श्याम बेनेगल यांच्या १९७५ च्या 'चरणदास चोर'ची गोष्ट तर त्यांना तोंडपाठ आहे. खोटं न बोलणारा चोर आणि त्यात स्मिता पाटील! "असा चोर मेनरोडले दुकान टाकंल तं दोन दिवस टिकनार नाई," हा त्यावरचा त्यांचा अभिप्राय. हैदराबादच्या एका जोडप्यानं सांगितलं की त्यांच्या शहरात बालचित्रपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरायचा, त्याचं नाव 'गोल्डन एलिफंट'. हत्तीचं नाव निघताच मामांनी शेजाऱ्याकडे पाहिलं. हत्ती दरवाजाला पुरावा मिळाला होता.

त्या समितीला त्यांनी एक अर्जही लिहून ठेवला होता. विषय: लहानपणी अर्धवट पाहिलेल्या सिनेमाचे नाव व शेवट कळविणेबाबत. संदर्भ: कोट. अर्ज टाकायचा राहिला तो राहिलाच, आणि दरम्यान २०२२ मध्ये समिती एनएफडीसीत विलीन झाली. मला वाटलं, आता तरी मामा खचतील. ते म्हणाले, "हैदराबाद बँक स्टेट बँकेत गेली तवा माहं खातं बुडालं का? मंग हे आठ आणे काहून बुडतील?" २०१७ च्या त्या विलीनीकरणात मराठवाड्यातल्या कुणाचंच खातं बुडालं नव्हतं, त्यामुळे मला बोलायला जागा उरली नाही.

आता भाचा. तो नांदेडला इंजिनिअरिंगला आहे. मामांच्या सांगण्यावरून त्यानं मोबाइलवर कितीतरी वेळा शोध घेतला होता, पण मामा जे सांगत त्यात किल्ला, हत्ती, बाटली आणि लाल रंगाची बाधा एवढं सगळं असे, की मोबाइलवर हत्तींचे माहितीपट निघत. मागच्या दिवाळीत तो असाच वैतागून स्वयंपाकघरात आला. मामी पुरण वाटत होत्या.

"मामी, हा कोटाचा सिनेमा खरंच आहे का हो, की मामांच्या डोक्यातच आहे?"

"हाय ना. 'करामती कोट'."

"तुम्हाला नाव माहीत आहे?"

"माहीत असाले काय झालं? म्या पाह्यला. पुसदले शाळेनं नेलं होतं. पुरा पाह्यला."

मामींचं माहेर पुसदचं. पुसद इथून नदीपलीकडे, हाकेच्या नसलं तरी एसटीच्या अंतरावर. मामांनी आदिलाबादपर्यंतची माणसं पालथी घातली, वहीच्या मागून आलेले जबाब पुढून आलेल्या उधारीला भिडले, आणि घरातल्या साक्षीदाराला समन्सच गेलं नव्हतं. भाचा धावत दुकानात गेला. मामांनी बत्ता खाली ठेवला. घरात येऊन त्यांनी एवढंच विचारलं, "इतके वर्षं बोलली काहून नाही?"

"इचारलं कोनं? तुमी गिऱ्हाइकाले इचारत होते."

दोन दिवस मामा मामींशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलले ते "शेवट सांगू नको" एवढंच.

नाव मिळाल्यावर उरलं काय? मिनिटभरात पडद्यावर सिनेमा उभा राहिला. 'करामती कोट', १९९३, बालचित्र समितीचाच, दिग्दर्शक अजय कार्तिक. कचरा वेचणारा पोरगा, लाल कोट, खिशातून निघणारा रुपया. सगळं मामांनी पहिल्यांदा सांगितलं होतं तसंच. म्हणजे लोकांनी भर घालण्याआधी त्यांची आठवण अगदी चोख होती. शिवाय त्यात तरुण इरफान खान निघाला, जो पुढे जगभर गाजला. याचा मात्र मामांना राग आला. "एवढा मोठा माणूस आमच्या सिनेमात होता, अन् वहीत एकानंबी नोंद दिली नाई!"

त्या दुपारी मी तिथं होतो. मोबाइल एका नारळाला टेकवून उभा केला होता. शटर अर्धं खाली. मामा पाटावर, हात मांडीवर, पूजेला बसल्यासारखे. पोरानं कोटाच्या खिशात हात घातला तेव्हा मामांचा उजवा हात नकळत स्वतःच्या सदऱ्याच्या खिशाकडे गेला. तिथं दहाच्या दोन नोटा आणि अडकित्ता होता. बाहेर कुणीतरी "ओटी आहे का?" विचारलं; आयुष्यात पहिल्यांदा मामा गिऱ्हाइकाला "नाही" म्हणाले. कोटाभोवती माणसं जमू लागली. गुंड आले. आणि मामांनी बोट ठेवून सिनेमा थांबवला.

"इथंच," ते म्हणाले. "सतराचा पाढा इथून सुरू झाला होता."

"मामा, हत्ती दरवाजा कुठं आला?" भाच्यानं विचारलं.

"कापला," मामा म्हणाले. सेन्सॉरनं की जीपवाल्यानं, ते सांगितलं नाही.

पुढचं बघायला ते तयार होईनात. वर्गाचा सिनेमा वर्गानंच पाहायचा, एकट्यानं पाहिला तर बाकीच्यांचे आठ आणे खाल्ल्यासारखं होईल, हा त्यांचा मुद्दा. मला तो पटला. निरोप गेले. इथं मात्र गंमत झाली. इतकी वर्षं "शेवट मला विचार" म्हणणारे चौघेही एकाएकी फार कामाचे झाले. कंडक्टरची ड्यूटी नेमकी मुक्कामी गाडीवर लागली. सीताफळांचा हंगाम तेव्हा सरत आला होता, पण व्यापाऱ्याला तो आधी सरू द्यायचा होता. शिक्षकाकडे मतदार याद्यांचं काम आलं. वकिलानं तर सरळ पुढची तारीख मागितली. कारण उघड होतं: मोबाइलवर शेवट एकच निघणार, आणि चार जणांतले किमान तीन जण त्या दिवशी खोटे ठरणार. तीसेक वर्षं सांभाळलेला शेवट असा मोबाइलच्या हवाली कोण करील?

पहिली तारीख दत्तजयंतीनंतरची होती. ती गर्दीत गेली. चैत्री नवरात्रात मामींनी कंटाळून विचारलं, "सांगून टाकू का एकदाचं?" तेव्हा दुकानात बसलेले कंडक्टर आणि वकील मामांच्याही आधी "नको!" म्हणून ओरडले. सध्या नारळी पौर्णिमेच्या परिक्रमेनंतरची तारीख धरली आहे. वकिलाची हरकत नोंदवलेली आहे.

मधल्या काळात तुमचं माहूरला जाणं झालं आणि मामांनी विचारलं, तर 'करामती कोट' पाहिला आहे, चांगला आहे, एवढंच सांगा. शेवट सांगू नका. आणि कनवाळूपणानं आठ आण्यांचं नाणं पुढे करू नका. तसं एकानं केलं होतं, मामांनी ते घेतलं नाही. देणेकरी तो नव्हता.